पकडीचे तीन ठसे

माझ्या माहितीत लूपकाकांनी सात माणसांना रडवलं. त्यातल्या चौघांना नंतर चहा मी करून दिला. पाचवे माझे वडील, आणि त्यांच्यापुढे कप ठेवायची माझी हिंमत झाली नाही. उरलेले दोघे माझ्या लग्नाआधीचे. त्यांच्याबद्दल मी शेजारपाजारी ऐकलं.

लूपकाका माझे सासरे. घरात मी त्यांना बाबा म्हणायची, पण आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावात, बाजारापासून बस स्टँडपर्यंत, ते सगळ्यांचे लूपकाका होते. लूप म्हणजे आमच्या क्रेओल बोलीत भिंग. ते काळ्या दोरीत ओवून त्यांच्या गळ्यात असायचं. आंघोळीला जाताना तेवढं काढून खिडकीत ठेवायचे. नोकरी सरकारी, वजनमाप खात्यात. दुकानादुकानांत जाऊन तराजू आणि वजनं तपासायची. त्यांची छत्री कोपऱ्यावर दिसली की दुकानदार तराजू पुसायला घेत. पण त्यांचा जीव होता जुन्या नाण्यांत, आणि तोही चकचकीत, धडधाकट नाण्यांत नाही. कड वाकलेली आहे, मध्ये खड्डा पडलाय, राजाच्या गालावर ओरखडा आहे, असं नाणं हातात आलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

रविवारी सकाळी दहापासून लोक यायचे. पोस्टातले कारकून, निवृत्त पोलीस, शाळामास्तर, कधी तेर रूजहून दोन बसेस बदलून आलेला एखादा भाजीवाला. कुणाच्या नाण्यावर दुसरं वर्तुळ उमटलेलं, कुणाच्या नाण्यावरची अक्षरं उलटी. प्रत्येकाची खात्री असायची की टांकसाळीत चूक झाली आणि जगातलं असं एकच नाणं आपल्या खिशात आलं. बाबा 'या, बसा' म्हणत नसत. हात पुढे करून विचारायचे, "जन्मखूण की मार?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. टांकसाळीत घडतानाच जे वेगळं झालं ती जन्मखूण. बाहेर पडल्यावर माणसांनी जे केलं तो मार. जन्मखूण असेल तर नाणं संग्राहकाचं, मार असेल तर भंगाराचं. समोरचा बिचारा म्हणायचा, "जन्मखूण, काका." बाबा मग नाण्याची कड बघायचे, नाणं तिरपं करून पुन्हा बघायचे. आमच्या व्हाकोआत वर्षातले निम्मे दिवस भुरभुर पाऊस आणि अंधारलेलं आभाळ. उजेड कमी पडला की ते सरळ अंगणात उतरत, आणि नाण्याच्या मालकाला आपल्या डोक्यावर छत्री धरून उभं करत. पाच-दहा मिनिटं तो माणूस स्वतः भिजत छत्री धरून उभा, आणि शेवटी एकच शब्द यायचा. "मार."

किंमत मात्र त्यांनी कधी सांगितली नाही. कुणी विचारलीच तर म्हणायचे, "ते बाजारात विचारा. मी वैद्य आहे, दलाल नाही."

त्यांना हे सगळं कळायचं कसं, ते मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. मागच्या शेडमधून ठोकल्याचा आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर सासरेबुवा नुसत्या बनियनमध्ये बसून एका पाच सेंटच्या नाण्यावर हातोडा मारत होते. शेजारी उघडा खण. त्यात अशीच शंभरेक नाणी, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी. 'बसच्या चाकाखाली.' 'चुलीत, एक तास.' 'कानस, उजव्या हाताने.' 'कानस, डाव्या हाताने.' 'समुद्रात, सहा महिने.' जगात नाण्याला जो जो मार बसू शकतो तो त्यांनी स्वतः देऊन, त्याचा वण कसा दिसतो ते नोंदवून ठेवलं होतं. मी दारात उभी आहे हे बघून म्हणाले, "मारलं की धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो. तो कुठे सरकला ते बघायचं. शिकायचंय?" मी हो म्हटलं. त्यांनी हातोडा माझ्या हातात दिला.

मला ते आवडायचे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या माहेरी, कार्तिए मिलितेरला, मला बघायला आले तेव्हा चहा-पोहे झाल्यावर ते सगळ्यांदेखत माझ्या वडिलांना म्हणाले होते, "मुलगी हुशार आहे. आमचा अनंत तितका नाही, पण रागीट नाही. विचार करून सांगा." अनंतचा चेहरा पडला. पपांना वाटलं, विनोद केला. मला तेव्हाच कळलं होतं की हा विनोद नाही, आणि याच घरात जायचं हे मी तिथेच ठरवलं.

एकदा एक नर्स आली होती, मध्यम वयाची, क्रेओल समाजातली, नवरा जाऊन वर्ष झालेलं. तिच्याकडे अर्धा रुपया होता. राजाच्या चेहऱ्यावर एक सहाकोनी ठसा उमटलेला. नवऱ्याला सापडलेलं नाणं, जन्मभर त्यानं पाकिटात बाळगलेलं. बाबांनी पाहिलं आणि विचारलं, "नवरा काय करायचा?"

"गराजमध्ये मेकॅनिक, मिस्ये."

"मग त्यानंच केलंय. नटाखाली ठेवून पान्यानं आवळलंय."

ती म्हणाली, "नाही, तो मला म्हणाला होता, टांकसाळीतून असंच आलं. लग्नाआधी दाखवलं होतं मला."

"तुम्हाला दाखवायलाच केलं असेल," बाबा म्हणाले. बाई रडायला लागली. मी चहा आणला. तिचं रडणं थांबेपर्यंत ते नाणं फिरवत राहिले आणि मग तिच्या हातात देताना म्हणाले, "हात सरळ होता त्याचा. सहाही कोपरे सारखे उतरलेत." त्यांच्या तोंडून निघालेली मोठ्यात मोठी शाबासकी होती ती. बाईला ती कळली की नाही कोण जाणे. फाटक लावायला विसरून गेली.

आता पपांचं सांगते.

आमच्या माहेरच्या देव्हाऱ्यात एक राणीछाप रुपया होता. पपांचा आजा रत्नागिरीकडून या बेटावर उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आला, त्यानं आणलेला. घराण्याची गोष्ट अशी की, मळ्यावरच्या मुकादमानं एकदा लोखंडी टोकाच्या काठीनं आजाच्या कमरेत घाव घातला. आजाच्या कनवटीला हा रुपया होता. घाव रुपयावर बसला, आजा वाचला, आणि त्यानं उठून मुकादमाच्या हातची काठी मोडली. रुपयावर त्याची खूण राहिली. दर गणेश चतुर्थीला पपा तो रुपया गणपतीच्या पायाशी ठेवून ही गोष्ट सांगायचे. पपा गावच्या मराठी मंडळाचे चिटणीस. माणूस साधा, शेतात शूशूच्या भाजीच्या वेली आणि थोडा ऊस, पण ही गोष्ट सांगताना ते वेगळेच दिसायचे, पाठ ताठ व्हायची. मी आणि माझे भाऊ त्या गोष्टीवर वाढलो. शाळेत कुणी मजुरांची पोरं म्हणून हिणवलं तर आम्ही मुकादमाची मोडलेली काठी आठवायचो.

आमच्या बेटाला स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा मंडळानं पूर्वजांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. कुणाचं जातं, कुणाची पितळी परात, कुणाचा जहाजावरचा कागद. मधल्या टेबलावर पपांचा रुपया. पपांच्या मनात आलं की त्याखालचं कार्ड व्याह्यांनी लिहावं. सगळ्या बेटाला माहीत असलेला जाणकार घरातच असताना दुसऱ्याला कशाला सांगायचं? मी अनंतला म्हटलं, बाबांना नेऊ नकोस. अनंत म्हणाला, "आपल्याच माणसांत काय बोलणार आहेत?"

क्युरपीपला बस बदलून आम्ही गेलो. हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं, पुरणाचा वास, बाकांवर म्हाताऱ्या बसलेल्या. पपांनी बाबांना हार घातला, गोष्ट पुन्हा एकदा सगळ्यांना सांगितली, आणि रुपया त्यांच्या हातात दिला. "व्याहीबुवा, दोन वळी ल्हिवा. मुकादमाच्या घावाचा रुपया, म्हनून."

बाबांनी गळ्यातलं भिंग काढलं. खिडकीपाशी गेले. कड बघितली, छापा बघितला, काटा बघितला. बराच वेळ लागला. मला त्यांची मान दिसत होती, आणि ती मान जशी वाकली होती त्यावरून मला कळलं की त्यांना काहीतरी सापडलंय. अशा वेळी ते आजूबाजूला कोण आहे ते विसरायचे.

"हा घाव नाही," ते म्हणाले.

पपा हसले. "घावच हाय तो. माज्या आज्यानं सांगितलेला."

"काठीचा घाव एका बाजूनं बसतो, दुसऱ्या बाजूला फुगवटा येतो. इथे दोन्ही बाजूंना समोरासमोर खाच आहे, आणि खाचेत दात आहेत. पक्कड आहे ही." ते बोटानं दाखवत होते, वर्गात शिकवावं तसे. "वर कडेला डाग दिसतो ना, तो डाख आहे, सोनारानं केलेला जोड. इथे कडी होती. काटा पार झिजलाय, छापा नाही. म्हणजे एक बाजू वर्षानुवर्षं अंगावर घासलीय. हा कनवटीचा रुपया नाही. बाईच्या गळ्यातल्या हाराचा आहे. पकडीनं उपटून काढलाय."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. पपा म्हणाले, "सोनारानं काढला आसंल."

"सोनार विस्तव लावतो. डाख वितळतो, फाटत नाही. हा फाटलाय. आणि पकडीचे ठसे तीन आहेत, एकावर एक, सरकलेले. टेबलावर ठेवून काढला असता तर एकच उठला असता." ते थांबले, नाणं पुन्हा एकदा उजेडात धरलं. "हार हलत होता."

तेवढं बोलून त्यांनी रुपया पपांपुढे धरला.

पपा म्हणाले, "माजा आजा खोटं बोलला म्हंता?"

"आजा काय बोलला ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो, तुम्हीही नव्हता. पक्कड होती."

तेव्हा बाकावरून भागीआजी बोलली. भागीआजी पपांची आत्या, त्याच आजाची मुलगी, ऐंशीच्या घरातली. कानानं कमी ऐकायची, पण खिडकीजवळ बसली होती आणि तिनं ऐकलं होतं. कुणाकडेही न बघता ती म्हणाली, "आयच्या मानंला वण व्हता. मागल्या अंगाला, आडवा. आमी इच्यारलं का म्हनायची, उसाचं पान लागलं."

 पपांनी रुपया खिशात टाकला, सगळ्यांकडे वळून "चला, जेवून घ्या" म्हणाले, आणि स्वतः हॉलच्या मागे गेले. मी त्यांच्यामागे गेले. पाण्याच्या टाकीला कपाळ टेकून ते रडत होते, तोंड दाबून, आवाज न करता. मला बघून त्यांनी हातानं खूण केली, जा.

प्रदर्शन झालं. मधलं टेबल रिकामं राहिलं. आठवड्याभरात पपांनी चिटणीसपद सोडलं. गावातल्या कुणीतरी त्यांचं नाव 'पेंस' पाडलं. पेंस म्हणजे पक्कड. ते दुकानात शिरले की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "बोंझूर, मिस्ये पेंस." माझ्या धाकट्या भावाला शाळेत हेच नाव पडलं. पपांनी मला निरोप पाठवला, "तुज्या सासऱ्याला सांग, माज्या मयताला येऊ नको."

घरी आल्यावर मी बाबांशी बोलणं टाकलं. त्यांचा चहा टेबलावर ठेवायची आणि आत जायची. पंधरा-वीस दिवस गेल्यावर न राहवून विचारलं, "हार हलत होता, हे सांगायची काय गरज होती? पक्कड म्हणून थांबला असतात."

ते म्हणाले, "तीन ठसे होते. दोन सांगून एक ठेवू?"

"माझे वडील आहेत ते."

"म्हणून काय, त्यांना कमी सांगायचं?" हे त्यांनी चिडून नाही विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. दुसऱ्याला कमी सांगणं म्हणजे त्याला कमी लेखणं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मला मात्र त्या क्षणी हातातला कप त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला.

दोनेक महिन्यांनी, एका रविवारी, फाटकात भागीआजी उभी. एकटी, दोन बसेस करून, डोक्यावर ओला पदर. पपांनी तो रुपया घरामागच्या शूशूच्या वेलीत भिरकावला होता. तिनं तीन दिवस गुडघ्यांवर रांगून शोधला होता. बाकीच्या लोकांकडे न बघता ती बाबांच्या समोर बसली आणि रुपया टेबलावर ठेवून म्हणाली, "आयचं आनिक सांग."

बाबांनी त्या दिवशी बाकीच्यांना परत पाठवलं. दुपारपर्यंत ते तिला एकेक गोष्ट दाखवत होते. तिला बारीक काही दिसत नव्हतं, तर तिचं बोट धरून कडेवरून फिरवत होते. "इथे आणि इथे घासलंय. म्हणजे शेजारी आणखी रुपये होते. एक नव्हता, अख्खा हार होता. आणि काटा खालच्या अंगाला जास्त झिजलाय. वाकून काम करणारी बाई. दहा-पंधरा वर्षं गळ्यात असणार."

भागीआजीनं कडेपाशी बोट थांबवलं. तिथे बारीक बारीक टोचे होते. "ह्ये दात का रं? माजे आसतील. मी ल्हान आसताना आयच्या मांडीवर..."

मी दारात होते. मनात म्हटलं, बाबा, एकदा हो म्हणा. एकदाच. कुणाचं काय जाणार आहे?

"नाही," ते म्हणाले. "चांदीवर बाळाचे दात उमटत नाहीत. दगडावर पडलंय हे."

भागीआजीचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. मग डोळे पुसून ती म्हणाली, "बरं. दगूड तर दगूड." रुपया त्यांच्यापुढे सरकवून म्हणाली, "ह्याला कडी लावून दे. मी घालते."

नाणी जमवणाऱ्या माणसाच्या लेखी जुन्या नाण्याला नवा डाख म्हणजे घोर अपराध. असं केलेलं नाणं घेऊन कुणी आलं तर बाबा ते हातातसुद्धा घेत नसत. पुढच्या शनिवारी ते स्वतः तेर रूजला गेले, ओळखीच्या सोनारासमोर स्टूल टाकून बसले, आणि कडी नीट त्याच जागी बसेपर्यंत उठले नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर मला रुपया दाखवून म्हणाले, "आजपासून हा भंगार." भागीआजीनं तो काळ्या दोऱ्यात ओवून घातला आणि पुढची चार वर्षं, मरेपर्यंत, काढला नाही. तिच्या मयताला बाबा गेले. पपा उठून दुसऱ्या दारानं बाहेर गेले.

ऐंशी साल उलटलं आणि बाबांना काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलंही. दीड वर्षात सगळं काळं. रविवारचे लोक हळूहळू यायचे बंद झाले. जे यायचे ते गंमत बघायला. एकानं त्यांच्या हातात बाटलीचं बूच ठेवून विचारलं, "जन्मखूण की मार, काका?" आणि फाटकाबाहेर जाऊन हसला. व्हाकोआत वर्षानुवर्षं दुखावलेली माणसं पुष्कळ होती. मी त्यांना दोष देत नाही. बाबांनी ते बूच बराच वेळ बोटांत फिरवलं आणि कचऱ्याच्या डब्याची जागा चाचपत जाऊन टाकलं.

आणि एका दुपारी पपा आले. सात वर्षांनी माझ्या घरात पाऊल टाकलं. माझ्याशी दोन शब्द बोलले, मग बाबांच्या समोर जाऊन उभे राहिले. बाबांनी आवाज ओळखला. "या, व्याहीबुवा. बसा." त्यांच्या तोंडून 'बसा' मी पहिल्यांदाच ऐकलं.

पपा बसले नाहीत. खिशातून एक नाणं काढून त्यांनी बाबांच्या तळव्यावर ठेवलं. "ह्ये बगा. काय झालंय ह्याला ते सांगा."

बाबांनी अंगठा फिरवला. कड चाचपली. भिंग अजून गळ्यातच होतं; हात सवयीनं तिकडे गेला आणि परत आला. पपा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या आत काहीतरी म्हणत होतं, बघू दे, पपांना हे बघू दे. दुसऱ्या क्षणी त्याची लाज वाटली, पण पहिल्या क्षणी तसं वाटलं होतं, हे खरं.

"मला दिसत नाही," बाबा म्हणाले. "मी सांगू शकत नाही."

"म्होट्यानं सांगा. पोरीला ऐकू येऊ दे."

"मी सांगू शकत नाही," बाबा मोठ्यानं म्हणाले.

पपांनी नाणं उचललं आणि गेले. साधं बाजारातलं एक रुपयाचं नाणं होतं ते, कोरं, कसलाच मार नसलेलं. त्यानंतर वर्षभरात पपा वारले, झोपेत, हृदय बंद पडून. मयताला येऊ नको हा निरोप बाबांनी पाळला. दिवसभर व्हरांड्यात खुर्चीवर बसून राहिले, जेवले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात बाबांच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी अनंतला बाजूला घेऊन सांगितलं, गाठ आहे, पसरलीय, महिना निघणार नाही. अनंत कॉरिडॉरमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि मग म्हणाला, "त्यांना सांगायचं नाही. अल्सर म्हणायचं. शीला, शपथ घे." मी होकारार्थी मान हलवली. डॉक्टरांना, नर्सला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना त्यानं पढवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी पेज घेऊन गेले होते. दोन चमचे घेऊन त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "अनंत म्हणतो अल्सर. डॉक्टर म्हणतो अल्सर. नर्सही अल्सर म्हणते. सगळे एकाच पट्टीत बोलतात. तू अजून काही बोलली नाहीस."

मी चमचा खाली ठेवला.

"शीला, काय म्हणाले डॉक्टर?"

मी खोटं बोलू शकले असते. अनंतची शपथ होती. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे पाण्याच्या टाकीला कपाळ टेकलेले पपा उभे राहिले, आणि बोटानं टोचे चाचपणारी भागीआजीही. यांनी कुणाला कधी सूट दिली होती का? मी म्हटलं, "गाठ आहे, बाबा. पसरलीय. महिना निघणार नाही म्हणाले."

ते मी दयेपोटी बोलले की सूड म्हणून, हे नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.  दोन्ही असेल.

 बाबा चादरीवर हात फिरवत राहिले, तिची शिवण शोधल्यासारखे. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." आणि खूप वेळानं, "अनंतला कळू देऊ नकोस. मला माहीत नाही असं त्याला वाटू दे. त्याला धीर त्यातच आहे."

त्यानंतर ते एकोणीस दिवस जगले. आणि ज्या माणसानं नवरा गेलेल्या बाईला, ऐंशी वर्षांच्या म्हातारीला, आपल्या व्याह्याला एक शब्द कमी करून सांगितला नाही, तो माणूस त्या एकोणीस दिवसांत रोज खोटं बोलला. अनंत संध्याकाळी ऑफिसातून आला की उशीला टेकून बसायचे. वेदनेनं कपाळावर घाम असायचा, तो मी आधी पुसून ठेवायची. मग म्हणायचे, "आज बरं वाटतंय. डॉक्टर म्हणाला, अल्सर बसत आलाय." कधी म्हणायचे, "या वेळी चतुर्थीला मूर्ती जरा मोठी आणू." एकदा म्हणाले, "घरी आलो की शेडचा पत्रा बदलून घेऊ, गळतोय." अनंत भराभरा माना डोलवायचा, खिशातून कागद काढून पत्र्याची मापं लिहून घ्यायचा. आणि मी पलंगाच्या पायाशी उभी राहून दोघांना ऐकायची. बाबांना खोटं बोलायची सवय नव्हती. शब्द अडखळायचे, आवाज नको तिथे चढायचा. अनंतला त्यातलं काही कळलं नाही.

गेले त्या दिवशी सकाळी, सगळं आवरल्यावर, आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. अनंतचे डोळे सुजले होते. म्हणाला, "एक मात्र बरं झालं. बाबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही."

"हो," मी म्हटलं.

आज इतकी वर्षं झाली, मी त्याला दुसरं काही सांगितलेलं नाही. अनंतला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून हे मराठीत लिहिलं.